घड्याळ आणि पान्हा

बाळंतिणीच्या खाटेशी उभे राहणे हाच ज्या स्त्रीचा पोटापाण्याचा व्यवसाय असतो, तिला आयुष्यभर दोन प्रश्न ऐकावे लागतात. बाळाला दिवसातून किती वेळा पाजावे आणि एका वेळी किती वेळ पाजावे, हे ते दोन प्रश्न. पहिलटकरणीने ते काकुळतीने विचारले, चार मुलांच्या आईने सवयीने विचारले, शाळामास्तरांच्या पत्नीने उत्तर टिपून घेण्यासाठी पेन्सिल हाती धरून विचारले, आणि ऊसतोडीच्या टोळीतील बाईने, मी तिच्या खोपीच्या तोंडाशी वाकून उभी असताना, हातातला कोयता खाली न ठेवता विचारले. प्रश्न इतके साधे की, दोन आकडे सांगून मोकळे व्हावे असा मोह कोणालाही पडावा. आणि पुस्तकांनी, इस्पितळांनी व सरकारी परिपत्रकांनी असे आकडे वेळोवेळी दिलेलेही आहेत. परंतु जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याच्या चाकरीत घरोघर फिरताना माझी अशी खात्री होत गेली की, हा प्रश्न दुधाविषयीचा कमी आणि वेळेच्या मालकीविषयीचा अधिक आहे. किती वेळा प्यावे हे निरोगी बाळाला उपजतच कळते. त्याच्यापाशी आईला किती वेळा बसू द्यावे, हे मात्र दुसरेच कोणीतरी ठरवीत असते, आणि दूध पुरते की पुरत नाही याचा निकाल बहुधा तेथेच लागतो.

माझे परिचारिकेचे शिक्षण १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एका मोठ्या शहरातील इस्पितळात झाले. बाळंतिणीची खाट एका दालनात आणि तिचे मूल काचेच्या तावदानांआड दुसऱ्या दालनात, असा तेथील शिरस्ता होता. सकाळी सहा व दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा, अशी पाच वेळा मुले ढकलगाडीत ओळीने निजवून आयांपाशी नेली जात. प्रत्येक बाजूस दहा मिनिटे असा हिशेब असे, आणि वीस मिनिटे भरली की गाडी परत फिरे. रात्री आईला अखंड विश्रांती मिळावी आणि मुलाच्या जठरासही विसावा मिळावा, हा त्यामागील हेतू आम्हां विद्यार्थिनींना समजावून सांगितला जाई, आणि त्या हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी मला आजही संशय नाही. तथापि, जे डोळ्यांना दिसे ते वेगळे होते. जे मूल नऊ वाजता जागे होऊन मुठी चोखू लागे, ते सव्वानऊला रडू लागे, पावणेदहाला रडून रडून थकून झोपी जाई, आणि दहाच्या ठोक्याला आईच्या कुशीत दिले असता तोंडसुद्धा उघडीत नसे. इकडे त्याच्या आईची छाती दुधाने दाटून इतकी कठीण झालेली असे की, तिला पदराचा स्पर्शही सोसवत नसे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या अंगात ताप भरे. मग तावदानांआड त्या मुलाला भुकटीचे दूध बाटलीने पाजले जाई, त्यामुळे पुढच्या खेपेस ते आणखी गाढ झोपलेले येई, आणि घरी जाण्याच्या दिवशी त्या आईच्या पिशवीत भुकटीचा डबा व मनात आपल्याला दूधच येत नाही ही समजूत, अशा दोन गोष्टी बरोबर जात.

या वेळापत्रकाचे मूळ शोधू गेल्यास वाट न्यूझीलंड देशापर्यंत जाते. डनेडिन शहराजवळील सीक्लिफ येथील मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. ट्रुबी किंग यांनी तेथील शेतावरच्या वासरांना मापून आणि वेळेवर दूध दिले असता त्यांची हगवण आटोक्यात येते, असे पाहिले. त्या अनुभवाचा विस्तार मानवी अर्भकांपर्यंत करून त्यांनी १९०७ मध्ये प्लंकेट सोसायटी या नावाने पुढे विख्यात झालेली संस्था स्थापन केली. दर चार तासांनी पाजावे आणि रात्री पाजू नये, हे त्यांच्या शिकवणुकीचे प्रमुख सूत्र. किंग हे स्वतः आईच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि बाटलीतील अशुद्ध दुधाने बालके दगावत होती त्या काळात स्वच्छतेचा व नियमितपणाचा त्यांनी धरलेला आग्रह उपकारकच होता. परंतु गाईचे दूध पचावयास जड, ते मापून, निर्जंतुक करून, ठरावीक अंतराने द्यावे लागते; अंगावरचे दूध मागणीबरोबर निर्माण होते, आणि मागणीलाच मर्यादा घातली की उत्पत्तीलाही मर्यादा पडते, ही गोष्ट त्या वेळापत्रकात बसत नव्हती. ते वेळापत्रक लंडनला गेले, इंग्रजी पाठ्यपुस्तकांत स्थिरावले, आणि तेथून आमच्या इस्पितळाच्या भिंतीवर फलक होऊन लागले.

शिक्षण संपल्यावर माझी नेमणूक सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याखालील मुलुखात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर झाली. तेथे घड्याळ होते ते केंद्राच्या दप्तरात. बाळंतिणीच्या खोलीत नव्हते. गावच्या सुईणीला मी पाजण्याच्या वेळांविषयी विचारले, तेव्हा तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘रडलं की छातीशी लावायचं, बाई. त्यात मोजायचं काय?’’ या एका वाक्यात आमच्या फलकावरील सगळ्या आकड्यांहून अधिक शास्त्र होते. तरीही खेड्यातील रीत सर्वांगाने निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. पहिले तीन दिवस मुलाला मध किंवा गुळाचे पाणी बोळ्याने पाजावयाचे आणि आईचे पिवळसर दाट दूध नासके म्हणून पिळून टाकावयाचे, हा परिपाठ घरोघर होता. आणि त्याला परंपरेचा आधारही जुना होता, कारण प्रसूतीनंतर तीन-चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होते व तोपर्यंत मध-तूप चाटवावे, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातच सांगितले आहे. मी त्या बायकांशी ग्रंथप्रामाण्यावर वाद घातला नाही. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून जे घर आवडीने खाते आणि शेजारीपाजारी वाटते, त्याच घरात सुनेचा चीक मातीत का जावा, एवढेच मी विचारी. गाईचा चीक पहिल्या काही तासांत पोटात गेला नाही तर वासरू तग धरीत नाही, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. मानवी चीक पहिल्या दिवशी चमच्या-दोन चमच्यांनी मोजावा इतका थोडा असतो, पण रोगप्रतिकारक द्रव्ये त्याच्यात सर्वाधिक असतात, हे मग त्यांच्या गळी उतरविणे कठीण गेले नाही. बाळ जन्मल्यापासून पहिल्या तासातच ते आईच्या छातीशी लावावे, शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असली तरी आई शुद्धीवर येताच लावावे, हा नियम आज इस्पितळांतून सांगितला जातो; आमच्या त्या ओसरीवर तो गोठ्यातील अनुभवाच्या आधाराने रुजला.

गोठ्याची ही साक्ष पुढेही माझ्या कामास येत राहिली. वासरू लावल्यावाचून गाय पान्हवत नाही, धारेची वेळ टळली की सड दाटतात, आणि चार दिवस धार नीट काढली नाही तर गाय आटू लागते, हे तेथील कोणत्याही शेतकरी स्त्रीला शिकवावे लागत नाही. मानवी मातेच्या शरीरातील व्यवहार याच जातीचा आहे. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन असे दोन स्राव रक्तात उतरतात. पहिला पुढचे दूध तयार करवितो, दुसरा तयार असलेले दूध बाहेर ढकलतो, आणि यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. बाळाचा नुसता आवाज कानी पडताच कित्येक आयांची चोळी भिजते ती या दुसऱ्या स्रावामुळे, आणि भय, वेदना वा अपमान यांनी पान्हा अडतो तोही हा स्राव रोखला गेल्यामुळे. शिवाय स्तनात साचून राहिलेले दूध आपल्या मागून येणाऱ्या दुधाला स्वतःच आवर घालते. म्हणून जो स्तन वारंवार रिकामा होतो तो वेगाने भरतो, आणि जो भरलेलाच राहतो तो हळूहळू आपले काम कमी करतो. सासूबाई जेव्हा सांगतात की, थोडे थांब, दूध साठू दे, मग एकदम पोटभर पाज, तेव्हा त्यांच्या बोलण्यात माया असते. परंतु शरीराचा कायदा नेमका त्याच्या उलट चालतो.

मग किती वेळा, या प्रश्नाला आकड्याचे उत्तर नाहीच काय? आहे, पण ते एक आकडा नसून एक विस्तृत पट्टा आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी, एक ते सहा महिने वयाच्या आणि केवळ अंगावर पिणाऱ्या ७१ बालकांचे, प्रत्येक पाजण्याच्या आधी व नंतर वजन करवून चोवीस तासांचा ताळेबंद मांडला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कोणी बाळ दिवसातून ६ वेळा प्याले, तर कोणी १८ वेळा. सरासरी ११ च्या आसपास पडली. चोवीस तासांतील एकूण दूध सरासरीने सुमारे ७८८ ग्रॅम भरले, परंतु त्यातही एका बालकाच्या आणि दुसऱ्याच्या दुधात दुपटीहून अधिक अंतर होते, आणि तरीही ती सर्व बालके निकोप वाढत होती. एखाद्या आईच्या स्तनात एका वेळी पुष्कळ दूध साठू शकते, तिचे मूल थोड्या वेळा पिऊन तृप्त होते. दुसरीची साठवण लहान असते, तिचे मूल वारंवार पिते, आणि दिवसाअखेरीस दोघांच्या पोटात पुरेसे दूध गेलेले असते. हा ताळेबंद वाचताना मला आमच्या केंद्राच्या हद्दीतील कितीतरी जावाजावा आठवल्या, ज्यांच्यातील एकीचे मूल तीन तास निवांत झोपे व दुसरीचे दीड तासात उठे, आणि केवळ तेवढ्यावरून दुसरीच्या दुधाला घरात नाव ठेवले जाई.

निसर्गाकडे पाहिले तरी हाच निष्कर्ष निघतो. सशाची मादी आपल्या पिलांना बिळात ठेवून जाते आणि चोवीस तासांतून बहुधा एकदाच, काही मिनिटे, त्यांना पाजते. तिचे दूध त्या मानाने अत्यंत स्निग्ध आणि प्रथिनांनी भरलेले असते. गाईच्या दुधात शेकडा तीनाहून अधिक प्रथिने असतात, मानवी दुधात शेकडा एकाच्या आसपास. इतके पातळ व सुपाच्य दूध ज्या प्राण्याला दिले गेले आहे, त्याच्या पिलाने आईच्या अंगाखांद्यावर राहावे आणि वरचेवर प्यावे, हीच त्यामागील योजना दिसते. पहिल्या काही आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे म्हणूनच स्वाभाविक आहे, आणि त्याहून एखाद-दोन वेळा अधिक झाले तर त्यात दुष्काळाचे चिन्ह पाहण्याचे कारण नाही.

किती वेळ, या दुसऱ्या प्रश्नाबाबत मिनिटांचा हिशेब मला नेहमीच निरर्थक वाटत आला. नवजात बालक शिकाऊ असते. ते थोडे चोखते, थांबते, डुलकी घेते, पुन्हा चोखते, आणि या व्यापात वीस-पंचवीस मिनिटे, कधी चाळीस मिनिटे सहज जातात. तेच मूल तीन-चार महिन्यांचे झाले की पाच-सात मिनिटांत पोट भरून घेते आणि मान फिरवून खिडकीकडे पाहू लागते. तेव्हा त्याची आई घाबरून येते की, आता हे पीतच नाही. घड्याळाऐवजी तिने बाळाच्या हनुवटीकडे पाहावे, असे मी सांगत असे. तोंड पूर्ण उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि केवळ बोंड नव्हे तर त्याभोवतीचा काळा भागही बऱ्याच अंशी मुखात गेलेला, अशी पकड असली, आणि दोन-चार चोखण्यांनंतर गिळल्याचा मंद आवाज येत असला, तर काम चालू आहे असे समजावे. पकड चुकली असेल तर तासभर पाजूनही पोट भरत नाही आणि बोंडांना भेगा मात्र पडतात. तेथे उपाय पाजण्याची वेळ कमी करण्याचा नसून बाळाला पुन्हा नीट लावण्याचा असतो. एका बाजूचे दूध बाळाला त्याच्या इच्छेने संपवू द्यावे, मग दुसरी बाजू द्यावी, त्याला हवी असेल तर ते घेईल. कारण स्तन रिकामा होत जातो तसतसा दुधातील स्निग्धांश वाढत जातो, आणि दहा मिनिटांच्या ठोक्याला बाळ ओढून काढणारी आई त्याला नेमक्या त्या साईच्या भागापासून वंचित करते.

आईला खरोखर हवा असतो तो पुरावा. आपल्या दुधाने मूल वाढत आहे याचा पुरावा. दूध अंगावरचे असल्यामुळे ते किती गेले हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याविषयी शंका घेणे सोपे असते. म्हणून मी त्यांना दिसणाऱ्या गोष्टी दाखवीत असे. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होणे, लघवी फिकट असणे, जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघणे, आणि त्यानंतर पहिल्या तिमाहीत दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वजन चढत जाणे, एवढी साक्ष पुरेशी आहे. तिन्हीसांजेला बाळ किरकिरते, छातीवरून काढले की पुन्हा मागते, आणि घरातील वडीलधारी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढावयास बसतात. दृष्ट काढण्यास माझी कधी हरकत नव्हती, पण त्या वेळी आईने बाळाला पुन्हा पदराखाली घ्यावे एवढी अट मी घालीत असे, कारण सायंकाळी वरचेवर पिणे हा बहुतेक तान्ह्या मुलांचा स्वभावच आहे.

घड्याळाचा उपयोग कोठेच नाही असे मात्र नव्हे. कमी वजनाचे, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, किंवा काविळीने सुस्तावलेले बालक भूक लागली तरी मागत नाही. ते शहाणे म्हणून झोपून राहते आणि घरातील लोक त्याच्या शांतपणाचे कौतुक करतात. अशा मुलाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठवून पाजावे लागते. त्याला ओढता येत नसेल तर आईचे दूध स्वच्छ हातांनी वाटीत काढून चमच्याने द्यावे लागते. लघवी कमी होऊ लागली, मूल उठवूनही उठेना, किंवा दोन आठवडे लोटूनही जन्मवजनावर येईना, तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. जे मूल मागते त्याला अडवून धरण्यासाठी घड्याळ वापरणे गैर आहे. जे मागत नाही त्याची आठवण ठेवण्यासाठी ते जरूर वापरावे.

आमच्या भागातील उन्हाळा कडक. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या वर गेला की दोन महिन्यांच्या मुलाची आजी विचारी, ‘‘सिस्टर, घसा कोरडा पडत आसंल की लेकराचा, दोन चमचं पाणी घालू का?’’ आईच्या दुधात शेकडा सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते. तहान लागली की मूल अधिक वेळा पिते, आणि त्या अधिक पिण्याला वाव दिला की वेगळ्या पाण्याची गरज उरत नाही. वरून घातलेल्या पाण्याने पोट भरते, मूल कमी पिते, दूध कमी होते, आणि रांजणातील पाण्याबरोबर हगवण घरात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, असा निर्वाळा दिला, तेव्हा आमच्यासारख्यांच्या हाती ओसरीवर दाखवावयास एक अधिकृत कागद आला.

परंतु या सर्व माहितीचा पुरवठा करूनही जे कोडे मला वर्षानुवर्षे भेटत राहिले, ते मुलाच्या तिसऱ्या महिन्याचे. पहिले बाळंतपण माहेरी होते; तेथे लेकीला शेक-शेगडी मिळते, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर मिळते, आणि या सर्वांहून मोलाची गोष्ट म्हणजे तिला कोणी हाक मारीत नाही. मग बाळ-बाळंतीण सासरी येतात, आणि दोन-चार आठवड्यांतच दूध आटल्याची तक्रार आमच्या दारी येते. एका सधन बागायतदाराच्या वाड्यात अशाच तक्रारीवरून मला बोलावणे आले. बाळाचे वजन मागील महिन्यात जेमतेम वाढले होते. सासूबाई खऱ्याखुऱ्या चिंतेने म्हणाल्या, ‘‘हिचं दूधच आटलं बगा, सिस्टर. घरात खायाप्यायला काय कमी न्हाई, तरी बी पोरगं किरकिरतंय.’’ मी सुनेला पहाटेपासूनचा तिचा दिवस सांगावयास लावला. पाचाला उठणे, शेणघाण, पाणी तापविणे, गड्यामाणसांच्या भाकऱ्या, धुणे. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. मग पाजतेस कधी, असे विचारताच ती पदर सावरीत हळू आवाजात म्हणाली, ‘‘सैपाक झाल्यावर येकदा. आत्याबाई म्हंत्यात, आदी हातातलं उरक, मग त्येला घे. तवर रडून झोपतंय त्ये.’’

मी सासूबाईंना म्हटले, ‘‘आजी, हिचं दूध आटलं नाही, हिची सवड आटली आहे.’’ त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आमाला तरी कुटं कुनी बसू दिलं हुतं?’’ त्या उत्तरात कठोरपणा नव्हता. तान्हेपणीच गेलेल्या आपल्या एका लेकराची गोष्ट त्यांनी मागाहून सांगितली. पंधरा दिवस भाकऱ्या मी थापीन, असे त्यांनी होऊन कबूल केले, आणि बाळ चुळबूळ करू लागले की सुनेला हाक न मारता तेच उचलून तिच्या मांडीवर नेऊन ठेवण्याचा परिपाठ धरला. पुढच्या खेपेस काट्यावरील सुई समाधानकारक पुढे सरकली होती, आणि त्या वाड्यात शतावरीची पूड अथवा भुकटीचा डबा, यांपैकी काहीही आणावे लागले नव्हते. अशी घरे मी पुढे इतकी पाहिली की, ‘दूध येत नाही’ असे कोणी म्हटले म्हणजे छाती तपासण्यापूर्वी दिनक्रम विचारावयाचा, ही माझी रीतच होऊन गेली.

रात्रीचे पाजणेही याच हिशेबात येते. प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे दूध टिकवून धरते. परंतु रात्री दोनदा उठणाऱ्या स्त्रीला पहाटे पाचाला चुलीपुढे उभे करावयाचे आणि मग तिला थकवा आला म्हणून रात्रीचे पाजणे तोडावयाचे, हा न्याय उफराटा आहे. तोडावयाची झाल्यास पहाटेची चूल तोडावी. ती दुसरा कोणीही पेटवू शकतो.

जिच्या दिवसावर घरातील कोणाचाच अधिकार चालत नाही, अशा स्त्रीपाशी मात्र माझी ही रीत थिटी पडे. दिवाळीच्या सुमारास बीड व नगर जिल्ह्यांतील टोळ्या आमच्या भागात ऊस तोडावयास येत आणि कारखान्याच्या आसपास पाचटाच्या खोप्यांची वस्ती उभी राही. तेथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या कष्टांतून टनाच्या हिशेबाने फिटावयाची असते, आणि एक दिवस कामावर न गेल्यास खाडा म्हणून पैसे कापले जातात. पहाटेच्या अंधारात फडात गेलेली आई तोडणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे यांतून मोकळी होऊन परतते तेव्हा दुपार उलटलेली असते. काहीजणी बाळाला बरोबर नेऊन बांधावरच्या झाडाला झोळी बांधतात. काहीजणी त्याला सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन करून जातात. अशा एका आईने मला विचारले, ‘‘किती टायमाला पाजू, बाई?’’ आणि आठ ते बारा हा आकडा ओठांवर असूनही मी आधी तिला विचारले की, फड खोपीपासून किती लांब आहे. झोळी फडाशी नेणे, दर मोळीच्या खेपेला पाच मिनिटे टेकणे, आणि जाण्यापूर्वी दूध वाटीत काढून झाकून ठेवणे, जे स्वच्छ वाटीत सावलीच्या जागी चार तासांपर्यंत चालते, एवढी तडजोड आम्ही दोघींनी मिळून आखली. तिच्या शरीरात दुधाची वाण नव्हती. तिच्या दिवसात ते देण्याला जागा नव्हती.

कायद्याने ही जागा फार पूर्वी मान्य केली आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमात तीसहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघराची तरतूद होती; १९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने कामावर परतलेल्या मातेला, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी दिली; आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली, म्हणजे निदान कागदावर तरी रजेचा काळ आणि निव्वळ स्तनपानाचा काळ यांचा मेळ बसला. इस्पितळांचीही दृष्टी पालटली. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी स्तनपानासाठी जी दहा पावले घालून दिली, त्यांतील आठवे पाऊल बाळाच्या मागणीप्रमाणे पाजण्याचे होते. त्याच वर्षी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बालकांसाठी मातृदुग्धपेढी निघाली. आणि १९९२ च्या कायद्याने भुकटीच्या डब्यांच्या व बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी झाली. ज्या इमारतीत मी ढकलगाड्या ढकलल्या, तशा इमारतींतून आज मूल आईच्या कुशीतच झोपते, हा माझ्या हयातीत झालेला मोठा पालट आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. तावदाने गेली, परंतु ज्या स्त्रीचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, जी मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली अर्धा कोयता म्हणून गणली जाते, तिच्यापर्यंत यांतील रजाही पोहोचत नाही आणि पाळणाघरही पोहोचत नाही.

सेवानिवृत्तीनंतरही शेजारपाजारच्या मुली हे दोन प्रश्न घेऊन येतात. आकडा मागणाऱ्या आईला रिक्त हस्ताने परत पाठवणे योग्य नव्हे, म्हणून मी तो सांगते: आरंभीच्या आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीसह, प्रत्येक वेळी बाळ आपण होऊन सोडीपर्यंत, सहा महिने दुसरे काही नाही, आणि पुढे उष्टावणानंतर घरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा दोघांना हवे तोवर. पण तेवढ्यावर मी तिला उठू देत नाही. तिच्याबरोबर आलेल्या सासूला, आईला, नवऱ्याला मी समोर बसविते आणि माझे प्रश्न त्यांना विचारते. पहिले तीन महिने हिच्या वाटणीच्या पोळ्या कोण लाटणार, पाणी कोण भरणार, रात्री ओले दुपटे कोण बदलणार, पाहुणे आले तर चहाला कोण उठणार, आणि ही कचेरीत परतली की दूध काढून ठेवण्याची व्यवस्था कोण पाहणार? प्रत्येक कामापुढे एक नाव पडेपर्यंत मी ही बैठक मोडीत नाही, कारण तान्ह्या मुलाने किती वेळा आणि किती वेळ प्यावे याचे खरे उत्तर त्या नावांच्या यादीत असते. घराघरातील ही यादी आम्हांसारख्या परिचारिका करून घेऊ शकतात. फडावरच्या आईसाठी ती शासनाने आणि साखर कारखान्यांनी करावयास हवी, आणि तिचा आरंभ मुकादमाच्या वहीत तिचे स्वतःचे नाव, तिची स्वतःची मजुरी आणि तिच्या पाजण्याची न कापली जाणारी वेळ लिहिण्यापासून झाला पाहिजे.